संहितेशिवाय सिनेमा करायचा असेल, तर आधी नॉर्मन मेलरच्या तीन फिल्म ऐका

नटांना जागच्या जागी बोलायला लावून सिनेमा करायचा ठरवलं असेल, तर पहिली सोय आवाजाची लावा, कॅमेऱ्याची नंतर. लिहिलेला संवाद नीट ऐकू आला नाही तर डबिंगच्या वेळी नटाकडून परत म्हणून घेता येतो, कारण तो कागदावर असतो. उत्स्फूर्त बोललेलं वाक्य कुठेच लिहिलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी नटालाही ते जसंच्या तसं आठवत नाही. रेकॉर्डरमध्ये आलं तर आलं, नाहीतर गेलं.

मी लोकेशन साउंड करते. मराठी लघुपट, माहितीपट आणि हौशी मुलांच्या फिल्म हे माझं बहुतेक काम. संहिता नसलेल्या शूटसाठी कुणी बोलावलं की त्यांच्याशी मी आधी नॉर्मन मेलरबद्दल बोलते. या प्रकारात काय काय बिघडू शकतं आणि कुठे काहीतरी अस्सल हाती लागतं, हे त्याच्या तीन फिल्ममध्ये जितकं उघडं दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

मेलर अमेरिकेचा फार मोठा लेखक. १९४८ साली, पंचविशीत, ‘द नेकेड अँड द डेड’ या युद्धावरच्या कादंबरीने तो घराघरात पोचला. १९६७ मध्ये त्याच्याच दुसऱ्या एका कादंबरीवरून केलेलं नाटक न्यूयॉर्कमध्ये चालू होतं. प्रयोग झाल्यावर तो आणि त्याचे दोन मित्र, बझ फारबर आणि मिकी नॉक्स, हॉटेलात बसून गुंडांची सोंगं काढत, एकमेकांना दमदाटी करत, शिव्या देत. मेलरला वाटलं, हाच सिनेमा आहे. मार्चमध्ये सलग चार रात्री शूट झालं. खर्च सुमारे दीड हजार डॉलर. कॅमेऱ्यामागे डी. ए. पेनबेकर, म्हणजे माहितीपटातला त्या काळचा अव्वल माणूस. संहिता नाही, तालीम नाही, दुसरा टेक नाही. १९६८ च्या सुरुवातीला ‘वाइल्ड ९०’ पडद्यावर आली आणि पॉलीन केल या समीक्षिकेने लिहिलं की शेवटपर्यंत बसून पाहिलेल्या सिनेमांत हा सगळ्यात वाईट.

केलचं मत कडक आहे, पण ती फिल्म ऐकली की ते समजतं. आवाज इतका घुसमटलेला आहे की अर्धं बोलणं कळत नाही. मेलरनेही ते लपवलं नाही, स्वतःच्या लेखात मोकळेपणाने मान्य केलं. ज्या फिल्मचं सगळं भांडवल बोलणं, तिथे बोलणंच ऐकू येत नाही. शब्दांवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या फिल्ममध्ये हे व्हावं याचं मला अजून वाईट वाटतं.

आवाजाची तयारी

लिहिलेल्या प्रसंगात पुढचं वाक्य कोण बोलणार हे बूमवाल्याला, म्हणजे लांब दांडीवरचा माइक धरणाऱ्याला, माहीत असतं, तो बूम आधीच तिकडे वळवून ठेवतो. उत्स्फूर्त प्रसंगात ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून एका बूमवर अवलंबून राहू नका. प्रत्येक नटाला स्वतंत्र लेपल, म्हणजे कपड्यांना लावायचा छोटा माइक, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र ट्रॅक हवा. दोघं एकाच वेळी बोलले तरी एडिटला त्यांना वेगळं काढता येतं. बूम वरून चालू ठेवाच, खोलीचा मोकळेपणा त्यातूनच येतो. माणसं कधी कुजबुजतील आणि कधी ओरडतील याचा नेम नसतो, त्यामुळे ३२-बिट फ्लोटवर रेकॉर्ड करणारा रेकॉर्डर भाड्याने मिळत असेल तर घ्या. अचानक ओरडण्याने आवाज फाटण्याचं भय बरंच कमी होतं.

खोली निवडताना टाळी वाजवून बघा. टाळीनंतर झण्ण असा आवाज रेंगाळला तर तिथे शूट नको. नव्या फ्लॅटचे हॉल हमखास असे असतात: टाइल्स, काच, मोकळ्या भिंती. जागा बदलता येत नसेल तर कॅमेऱ्यामागच्या भिंतींवर गोधड्या लावा, जमिनीवर सतरंजी पसरा. पंखा बंद. फ्रिज बंद, आणि बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी भेटून कुकर कधी लावतात ते विचारा. त्यांना थांबवायची गरज नसते, आपल्याला वेळ कळली की पुरतं.

कपड्यांचं नटांशी आधी बोला. सिंथेटिक साडी किंवा नायलॉनचा शर्ट लेपलवर घासला की ती खरखर पुसता येत नाही. सुती कपडे घालायला सांगा. मंगळसूत्र लेपलवर आपटतं, म्हणून माइक छातीच्या मध्यावर न लावता पदराच्या काठाशी, बाजूला लावते. काचेच्या बांगड्या पात्राला हव्याच असतील तर दोनच ठेवा आणि त्या हाताने भांडी उचलायला लावू नका. शेवटी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून खोलीचा रिकामा आवाज घ्या. उत्स्फूर्त फिल्मच्या एडिटला कट फार पडतात, आणि ते सांधायला हाच आवाज लागतो.

माणसाला काय हवंय ते ठरवा

‘वाइल्ड ९०’ मध्ये तीन गुंड एका खोलीत लपून बसलेत. बंद खोली हा उत्तम बेत आहे, कमी पैशात तर फारच. पण आत कुणालाच दुसऱ्याकडून काही नको आहे. दारू आहे, शिव्या आहेत, मधूनमधून कुणीतरी भेटायला येतं. होजे टॉरेस हा मुष्टियोद्धा कुत्रा घेऊन येतो आणि मेलर त्या कुत्र्यावर भुंकतो. तो क्षण लक्षात राहतो, कारण खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी समोरच्याला प्रतिसाद देतं. बाकीचा वेळ तिघं आपापलं बोलत राहतात.

पुढच्या काही महिन्यांतच मेलरने ‘बियाँड द लॉ’ शूट केली आणि ती कितीतरी बरी जमली. १९६८ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात ती दाखवली गेली. जागा पोलिस ठाण्याची, एकाच रात्री पकडून आणलेल्या माणसांची चौकशी चाललेली. मेलर स्वतः आयरिश वळणाचा लेफ्टनंट झालाय, नट रिप टॉर्न आणि कवी मायकल मॅक्ल्युअर पकडून आणलेल्यांत आहेत, लेखक जॉर्ज प्लिम्प्टन महापौर होऊन येतो. बरेचसे नट नव्हेतच, लेखक आणि मित्रमंडळी. मेलरचं म्हणणं असं की प्रत्येक माणसात एक पोलिस आणि एक गुन्हेगार असतोच, त्याला शिकवावं लागत नाही.

माझ्या मते फिल्म जमण्याचं कारण त्याहून साधं आहे. चौकशीत एकाला काढून घ्यायचंय आणि दुसऱ्याला लपवायचंय. मग नवखा माणूसही आपोआप समोरच्याचं ऐकतो, कारण पुढच्या प्रश्नात काय फास आहे ते त्याला ओळखावं लागतं. उत्स्फूर्त अभिनयाचा दर्जा बोलण्यावर ठरत नाही, ऐकण्यावर ठरतो. चौकशीची मांडणी माणसाला ऐकायला भाग पाडते.

तुम्हाला पोलिस ठाणं उभारायची गरज नाही. आपल्याकडे अशा मांडण्या ढिगाने आहेत. मुलगी पाहायला आलेल्यांना कांदेपोहे देताना तिला आधीचं लग्न मोडल्याचं सांगायचं नाहीये. डिपॉझिट परत द्यायचं नसलेला घरमालक आणि गावी निघालेला भाडेकरू. वडिलांची जमीन विकायला निघालेला थोरला भाऊ आणि ज्याची सही लागते तो धाकटा. हा शेवटचा प्रसंग मी कोल्हापूरकडच्या मुलांच्या शूटवर रेकॉर्ड केला आहे. धाकटा बराच वेळ जमिनीबद्दल एक शब्द बोलला नाही, आईच्या औषधांचं विचारत राहिला, आणि थोरल्याचा आवाज हळूहळू चढत गेला. लिहायला बसलं असतं तर कुणाला औषधं सुचली नसती.

शूटच्या आदल्या रात्री प्रत्येक नटाला एक चिठ्ठी द्या. त्यावर तीनच गोष्टी: आज तुला समोरच्याकडून काय हवंय, तू काय लपवतोयस, आणि समोरच्याबद्दलची अशी एक गोष्ट जी तुला कळलीय हे त्याला ठाऊक नाही. चिठ्ठ्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत. याहून जास्त लिहिलं तर नट चिठ्ठी पाठ करत बसतो.

आणि प्रसंग कुठे संपणार हे दिग्दर्शकाला माहीत असू द्या. आपल्या तमाशातल्या वगाला पूर्वी लिहिलेले संवाद नसत. पण कथा ठरलेली असे, कोण कधी येणार, प्रवेश कशावर संपणार हे फडातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असे. सोंगाड्या राजाची मनसोक्त फिरकी घेई, कारण गोष्ट परत कुठे आणून सोडायची हे त्याला कळत असे. इंग्लंडचा दिग्दर्शक माइक ली कित्येक महिने नटांकडून उत्स्फूर्त काम करून घेतो आणि शूटपर्यंत प्रसंग बांधून ठेवतो. मेलरला हे दोन्ही मंजूर नव्हतं. त्याला कॅमेऱ्यासमोर खरोखरचं अनिश्चित काहीतरी हवं होतं, ज्याचा शेवट त्यालाही ठाऊक नाही. ही मागणी मला आजही मोठी वाटते. तिची किंमत पुढे सांगते.

कट म्हणायचा अधिकार

तिन्ही फिल्ममध्ये मेलर दिग्दर्शकही आहे आणि मुख्य नटही. खोलीतला सगळ्यात प्रसिद्ध माणूस, पैसे लावणारा माणूस आणि प्रसंगातला म्होरक्या एकच. अशा खोलीत बाकीचे नकळत त्याच्या तोंडाकडे बघत बोलतात, त्याला आवडेल ते करतात. तो चढ्या आवाजात बोलतो म्हणून तेही आवाज चढवतात. ट्रॅक नुसते ऐकले तरी हे कळतं.

तुम्ही दिग्दर्शक असाल तर पडद्यावर येऊ नका. यायचंच असेल तर त्या दिवसापुरता ‘कट’ म्हणायचा अधिकार दुसऱ्याच्या हाती द्या आणि हे सगळ्या युनिटसमोर जाहीर करा. तो माणूस तुमचा शिष्य किंवा कर्जदार नसावा. हेडफोन लावून बसलेला साउंडवाला यासाठी चांगला. त्याला दृश्याचा मोह नसतो आणि नटाचा श्वास बदललेला त्याला आधी ऐकू येतो.

मारामारी आणि थांबण्याचा शब्द

तिसरी फिल्म ‘मेडस्टोन’. जुलै १९६८, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ईस्ट हॅम्प्टनच्या बड्या लोकांच्या वाड्या-बागांमधून पाच दिवस शूट. एकाहून अनेक कॅमेरा पथकं, मोठा गोतावळा. खर्चासाठी मेलरने ‘व्हिलेज व्हॉइस’ या वृत्तपत्रातल्या स्वतःच्या हिश्शातला भाग विकला. ते पत्र १९५५ मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी तो एक होता.

फिल्ममध्ये तो नॉर्मन टी. किंग्जली नावाचा दिग्दर्शक आहे. किंग्जली अध्यक्षपदासाठी उभा राहण्याच्या विचारात आहे आणि त्याच्याभोवतीची काही माणसं त्याच्या खुनाचा विचार करताहेत. काही आठवड्यांपूर्वीच रॉबर्ट केनेडींना गोळी घातली गेली होती, एप्रिलमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांना. त्या हवेत हा खेळ मांडलेला. खून होणार की नाही, कोण करणार, हे मेलरने मोकळं सोडलं होतं.

दिवस संपत आले तरी काहीच झालं नाही. मेलरच्या लेखी शूट जवळपास आटोपलं होतं. तो बायको बेव्हर्ली बेंटली आणि मुलांबरोबर होता, आणि रिप टॉर्न, जो किंग्जलीच्या सावत्र भावाचं काम करत होता, हातोडी घेऊन त्याच्यावर चालून आला. डोक्यावर खरोखर मारलं. मरायचंय ते किंग्जलीला, मेलरला नाही, असं टॉर्न सांगत होता. दोघं गवतात कोसळले, मेलरने टॉर्नचा कान चावला, रक्त आलं, बायको किंचाळत होती, मुलं रडत होती. पेनबेकरचा कॅमेरा चालूच राहिला. नंतर एडिटला मेलरने तो प्रसंग फिल्ममध्ये ठेवला आणि आज ती फिल्म लोकांना माहीत आहे ती त्या काही मिनिटांसाठी.

टॉर्नचा हिशोब नटाच्या अंगाने बरोबर होता. खुनाची गोष्ट मांडली आणि खुनाचा प्रयत्नही झाला नाही, तर बाकी सगळं पोकळ ठरतं. मेलरने स्वतः घातलेले नियम एकट्या त्यानेच शेवटपर्यंत पाळले. तरीही ते घडायला नको होतं, आणि मुलांसमोर तर नकोच. त्या मुलांना तो सिनेमा आहे हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. ट्रॅकवरचं त्यांचं रडणं ऐकलं की अभिनय आणि खरी भीती यांच्यातला फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

म्हणून माझ्या शूटवर मी हे आधी मागून घेते, आणि तुम्हीही घ्या. एक शब्द ठरवा जो उच्चारला की सगळं जागीच थांबतं. ‘थांब’, ‘नको’, ‘सोड’ असले शब्द चालत नाहीत, कारण ते पात्राच्या तोंडीही येतात. गोष्टीशी काडीचा संबंध नसलेला शब्द घ्या, भाजीचं नाव घ्या: ‘पडवळ’. तो नट म्हणू शकतो, कॅमेरावाला म्हणू शकतो, चहा आणणारा मुलगाही म्हणू शकतो. अंगाला हात कुठे लावायचा, कुठे नाही, हे शूटच्या आधी दोघांनी समोरासमोर बोलून ठरवायचं. हातोडी, सुरी, विळी, बाटली अशा वस्तू सेटवर असल्या तर त्या कुणाच्या ताब्यात आहेत ते कागदावर असू दे. नटांची मुलं लोकेशनवर नकोत. आणि ‘शूट संपलं’ हे मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करा. संपलंय की चालू आहे हे धूसर राहिलं, म्हणूनच टॉर्नला ती वेळ सापडली.

ही बंधनं घातली की नट बिचकून काम करतील असं दिग्दर्शकांना वाटतं. मी हेडफोनमधून उलट ऐकलं आहे. थांबायची सोय आहे हे कळल्यावर माणसं जास्त खोलवर जातात.

टेक केवढा असावा

पेनबेकर १६ मिलिमीटरवर शूट करत होता. चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांच्या आसपास चालतं आणि संपलं की थांबावंच लागतं. आता कार्डावर तास न् तास मावतात, म्हणून माणसं कॅमेरा चालू ठेवून काहीतरी होईल याची वाट बघत बसतात. तसं करू नका. अकरा मिनिटांची मर्यादा स्वतःहून घाला आणि नटांनाही सांगा. वेळ संपत आली की लपवलेली गोष्ट बाहेर येऊ लागते.

कॅमेरे दोन असले तर एक सतत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवा. एकच असला तर कॅमेरावाल्याला हेडफोन द्या. चित्राबद्दल मी इतकंच सांगू शकते, बाकी तुमचा कॅमेरावाला जाणे.

फेकून द्यायची तयारी

‘वाइल्ड ९०’ साठी अडीच तासांचं फुटेज होतं आणि त्यातून दीड तासाची फिल्म निघाली. ‘मेडस्टोन’ साठी सुमारे ४५ तास शूट झालं आणि फिल्म ११० मिनिटांची आहे. म्हणजे पहिल्या वेळी दर पाच मिनिटांतली तीन ठेवली, तिसऱ्या वेळी दर पंचवीस मिनिटांतलं एक. उत्स्फूर्त कामात दुसरं प्रमाण धरून चला, आणि एडिटचे महिने आधीच हिशोबात घ्या.

रोज रात्री, झोपायच्या आधी, त्या दिवसाचे ट्रॅक ऐकून नोंद करा. चित्र न बघता, नुसतं ऐकत. कुठे कुणाचा सूर बदलला, कुठे कुणी प्रश्नाचं उत्तर न देता दुसरंच बोललं, कुठे शांतता पडली, एवढंच वेळेसकट लिहा. चमकदार वाक्यं लिहू नका. ती हुशारीतून आलेली असतात आणि तिसऱ्यांदा ऐकताना शिळी वाटतात. एडिटचा पहिला आराखडा या नोंदींवरून करा.

मग रफ कट अनोळखी पाच-सात माणसांना दाखवा आणि ज्या जागी ते मोबाइल बघायला लागतात ती जागा टिपा. त्यानंतर पुन्हा शूट करायची लाज बाळगू नका. अमेरिकी दिग्दर्शक जॉन कॅसावेटिसने ‘शॅडोज’ चं पहिलं रूप १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांना दाखवलं, ते पोचत नाही हे पाहिलं, आणि १९५९ मध्ये बराच भाग नव्याने शूट केला. आज स्वतंत्र अमेरिकी सिनेमाचं नाव निघालं की ती फिल्म आठवते. मेलर एकदा घडलेलं पवित्र मानायचा, दुसरा टेक म्हणजे खोटेपणा असं त्याला वाटे. मला त्याचा सच्चेपणा पटतो, निष्कर्ष पटत नाही. तोच प्रसंग तसाच परत करायला लावला तर तो मरतो, हे खरं. पण चिठ्ठ्या बदलून, त्याच दोन भावांना आठवड्याने परत समोरासमोर बसवलं तर मागच्या वेळचं भांडण त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

मेलरच्या तिन्ही फिल्म क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये डीव्हीडीवर एकत्र काढल्या आहेत. आधी ‘बियाँड द लॉ’ पाहा. चौकशीच्या एका प्रसंगाला थांबून, दोघांना काय हवं होतं ते कागदावर लिहा. ‘वाइल्ड ९०’ ची पहिली वीस मिनिटं तुमच्या साउंडवाल्याला शेजारी बसवून, हेडफोन लावून ऐका. ‘मेडस्टोन’ सगळ्या युनिटने मिळून पाहा, मारामारीपर्यंत पुढे पळवू नका, रिप टॉर्न ज्या ज्या प्रसंगात येतो तिथे त्याच्यावर नजर ठेवा, आणि ती संपल्यावरच नटांना चिठ्ठ्या वाटा.